सातची बाटली

तिच्या घरी रोज दुपारी एकाच शब्दाचं पारायण चाले: गिळ. लेक तीन वर्षांची. घास तोंडात घ्यायला तिची ना नसे, पण एकदा घेतला की तो गालात ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसे, जणू कुणी सांभाळायला दिलेली वस्तू असावी. आजी लाडीगोडी लावून थके, आजोबा गोष्टी सांगून थकत, आणि आई कामावरून आली की चपला काढता काढताच म्हणे, ‘गिळ.’

ही आई जातिवंत धास्तीखोर. लोक ताक फुंकून पितात, ही पाणीही फुंकून प्यायची. आणि नोकरी लागली तीही पाण्याचीच. बंदरामागच्या गल्लीत दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. एका खोलीत फ्रीज, मोरी आणि बाटल्यांची फडताळं, दुसरीत सूक्ष्मदर्शक आणि खिडकीला काळा पडदा. रोज सकाळी सातला होडीवाला धक्क्याच्या पायऱ्यांवरून समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून आणी. ती त्यात आयोडीनचे थेंब टाकी. पाण्याला फिक्क्या चहाचा रंग येई, त्यातलं शेवाळ जागच्या जागी थिजे आणि रात्रभरात काचेच्या तळाशी बसे. दुसऱ्या दिवशी ती त्याची मोजदाद करी. एका कणाला अंगठ्याखालच्या मोजयंत्राची एक टक.

शेवाळ म्हणजे वाईटच असं नाही. बहुतेक सगळं समुद्राचा चारा असतं, त्याच्यावरच बाकीच्यांचं पोट चालतं. तिला शोधायचा असे तो एकच प्रकार, कमरेला पट्टा आवळल्यासारखा दिसणारा गोल कण. तो पाण्यात वाढला की शिंपल्या तो गाळून गाळून खातात. त्यांचं काही बिघडत नाही. विष त्यांच्या मांसात साठत राहतं. माणसाने ती शिंपली खाल्ली की आधी ओठ, मग बोटं, मग श्वास. उकळून, भाजून, काही करून ते जात नाही. तिच्या काचेत असे दहा कण दिसले, तर खाडीतल्या शिंपल्यांवर बंदी. नऊपर्यंत खुशाल खा.

सासऱ्यांना हे सगळं पाठ होतं आणि पटत मात्र अर्धंच होतं. ते होड्यांचे मिस्त्री, आता निवृत्त. खाडीत त्यांचे दोन दोर सोडलेले होते आणि त्यांवर शिंपल्या वाढत. त्यांची परीक्षा वडिलांकडून आलेली. दोर वर काढला की एक शिंपली उकडायची, तिचं मांस दोन्ही ओठांवरून फिरवायचं, कणभर चावून खायचं आणि घड्याळ समोर ठेवून अर्धा तास गप्प बसायचं. ओठ चुणचुणले तर सगळी टोपली समुद्रात परत. नाही चुणचुणले तर ते मोठ्याने म्हणत, ‘पास!’ मग घरात चूल पेटे. ते म्हणत, “माणसाचं ओठात एक आणि पोटात एक असतं सूनबाई. शिंपलीचं तसं नसतं. पोटात असेल तेच ओठावर येतं.”

लग्न होऊन आली तेव्हा ती या प्रकाराला पदराआड हसली होती. लेक झाल्यावर हसणं बंद झालं. आकडा कितीही लहान असो, सासऱ्यांचं ‘पास’ कानावर पडल्याशिवाय ती लेकीच्या ताटात शिंपली पडू देत नसे. सासऱ्यांचंही तेच. त्यांनी तिच्या काचेची टर उडवणं कधी सोडलं नाही, पण दोर काढायच्या आधी सहज विचारल्यासारखं विचारत, “आज किती?” दोघांनीही हे एकमेकांना कधी कबूल केलं नव्हतं.

त्या वर्षी तिच्या मनात पाल चुकचुकत होती. बंदरात गाळ उपसायचं काम झालं होतं, आणि त्या पट्टेवाल्या कणांची बीजं गाळातच वर्षानुवर्षं झोपलेली असतात. पाठोपाठ नदीने शेतांतलं खत भरभरून खाडीत आणून ओतलं. आणि आता दहा दिवस झाले, वारा नाही, लाट नाही, वर कडक ऊन. बीजाला उठायला आणखी काय हवं? पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ होतं. विष असलं म्हणजे पाणी लाल होतंच असं नाही, हे ती जाणून होती.

आणखी एक गोष्ट तिला माहीत होती. हे कण स्वतः पोहतात. रात्री खाली जातात, तळाजवळचं खत खातात. ऊन चढलं की उजेडासाठी वर येतात. म्हणजे सकाळी सातला, पायऱ्यांवरून, वरचं पाणी भरलं तर ते अजून वर पोचलेलेच नसायचे. तिने होडीवाल्याला दुपारी एक बाटली आण म्हणून सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, सकाळचं काय नि दुपारचं काय, खारटच. आणि दुपारी त्याची झोप भरती-ओहोटीलाही विचारत नाही. मग ती प्रमुख बाईंकडे गेली. बाईंनी मोठी वही उघडून दाखवली. वीस वर्षांचे आकडे, सगळे सातचे. वेळ बदलली तर आजचा आकडा कालच्याशी ताडून कसा पाहायचा? बाईंचं म्हणणं चूक नव्हतं. तिने विषय सोडला. सोडताना मनात म्हणाली, घरी ओठ आहेतच.

शनिवारी तिने शुक्रवारच्या बाटलीत चार कण मोजले. वहीत चार लिहिलं, सही केली. दहाच्या सुमारास सासूबाईंचा फोन आला. सासरे सकाळी नऊला दाढ काढून आले होते, बोलता येत नव्हतं म्हणून बायकोकरवी विचारत होते: आज किती? ती म्हणाली, चार.

ती घरी पोचली तेव्हा सव्वा वाजला होता. स्वयंपाकघरात वाफ आणि समुद्राचा वास. टेबलाच्या एका टोकाला सासरे घड्याळ समोर ठेवून बसलेले, डावा गाल सुजलेला. दाढ काढल्यावर मऊच खायचं असतं, म्हणून आज त्यांनी नेहमीच्या कणभर मांसाऐवजी चांगल्या सहा शिंपल्या खाल्ल्या होत्या. दुसऱ्या टोकाला लेक. तिच्या पुढ्यात कुस्करलेला बटाटा, त्यात बारीक केलेली शिंपली. गाल टम्म फुगलेला. सासूबाई चमचा हातात धरून तिला काकुळतीने विनवत होत्या. पहिलाच घास होता आणि पाच मिनिटं झाली होती.

तिने चपला काढल्या आणि तोंडातून सवयीने तो शब्द निघणार, एवढ्यात सासरे जड जिभेने म्हणाले की दातांचा डॉक्टर मोठा उदार माणूस दिसतो, इंजेक्शन अजून उतरलेलं नाही.

“म्हणजे?”

“ओठ चुणचुणतायत अजून.”

सासूबाई म्हणाल्या की काही नाही गं, सकाळपासून त्यांचं तेच चाललंय. त्यांनी पास केलंय, तुझेही चारच आहेत, बस जेवायला.

ती बसली नाही. नऊला इंजेक्शन, आता सव्वा वाजून गेलेला. चार तास. तिने विचारलं, “बाबा, दाढ डावीकडची ना?”

“डावीच.”

“मग चुणचुणतंय कुठे?”

त्यांनी बोट आधी डावीकडे नेलं. मग मधे. मग सावकाश उजवीकडे. वरच्या ओठावरून परत आणलं. “सगळीकडेच की,” ते म्हणाले. मग त्या बोटाकडेच पाहत राहिले, अंगठ्यावर घासून पाहिलं. “आणि ही पण.”

दातांच्या डॉक्टरने बोटांत काही टोचलं नव्हतं.

ती दोन पावलांत लेकीपाशी गेली, ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली आणि म्हणाली, “थुंक.”

लेक तिच्याकडे पाहत राहिली. हा शब्द जन्मापासून ऐकलेल्या शब्दाच्या नेमका उलटा होता. आई चुकली असावी. तिने समजूतदारपणे घास गिळायची तयारी केली. तिचा गाल हलला.

“थुंक. माझ्या हातात. सगळं.”

घास ओंजळीत पडला, गोळाच्या गोळा. तिने तो बशीत ठेवला, लेकीच्या तोंडात बोट फिरवलं, चुळा भरायला लावल्या. सासूबाईंचा चमचा हवेतच होता. त्यांनी स्वतः अजून एक तुकडाही तोंडात घातला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची त्यांची सवय त्या दिवशी कामी आली.

रुग्णवाहिका येईपर्यंत सासरे खुर्चीत ताठ बसून होते. त्यांना उठायचं होतं, पण पाय आपले वाटत नव्हते. म्हणाले, “मला कळायला हवं होतं. पण तुझे चार होते ना.” ती म्हणाली, “आणि तुमचं पास.”

रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की याला उतारा नाही. श्वास सांभाळायचा आणि विष अंगातून निघून जाईपर्यंत थांबायचं. सासऱ्यांना यंत्र लावलं. लेकीला शेजारच्या खोलीत नजरेखाली ठेवलं. तिने किती गिळलं असेल हे कुणालाच सांगता येईना. आई दर पाच मिनिटांनी विचारी, बोटांना मुंग्या येतात का? लेक दर वेळी हो म्हणे आणि पलंगाखाली वाकून मुंग्या शोधू लागे. तासाभराने नर्स म्हणाली, ताई, आता विचारू नका, नुसतं बघा. ते तिला येत होतं.

दरम्यान तिने दोन फोन केले. होडीवाल्याला म्हणाली, आत्ताच्या आत्ता, उन्हात, त्याच पायऱ्यांवरून एक बाटली, आणि तिच्यात फडताळातल्या आयोडीनचे थेंब. त्याने झोपेचं नावही काढलं नाही. बंदरावर रुग्णवाहिका त्याने पाहिली होती. दुसरा फोन प्रमुख बाईंना. खाडी बंद करा. बाईंनी विचारलं, कशाच्या आधारावर? वहीत चार आहेत. ती म्हणाली, “चारच्या आणि एका माणसाच्या.” बाई म्हणाल्या, फलक लावायला पाठवते.

रविवारी दुपारी लेकीला घरी सोडून ती प्रयोगशाळेत गेली. शनिवारच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, दोन्ही फिक्क्या चहाच्या रंगाच्या. सातच्या बाटलीत पाच कण निघाले. दुपारच्या बाटलीत त्रेसष्ट. जागा एक, दिवस एक, मधे फक्त सूर्य वर चढला होता. तिने वहीत सातच्या रकान्यात पाच लिहिलं. मग पट्टी घेऊन शेजारी नवा रकाना आखला.

त्या दिवशी सकाळीच सासऱ्यांचं यंत्र काढलं होतं, आणि मंगळवारी ते घरी आले. बाकी सगळं ठीक, फक्त दाढेची जागा दुखत होती. दोर कधी काढता येतील असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, पाणी आधी स्वच्छ होईल, शिंपल्यांना मात्र सोडायला कित्येक आठवडे लागतील. ते म्हणाले, असू दे, त्यांना तरी घाई कुठे आहे. मग भिंतीकडे बघत विचारलं, “दुपारची किती?”

“आज एकेचाळीस.”

“हं.”

दुपारी लेक जेवायला बसली. साधा बटाटा आणि मीठ. पहिला घास गालात गेला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं.

तिने खुर्ची ओढली, घड्याळ आपल्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता बसून राहिली. सतरा मिनिटांनी लेकीने आपणहून गिळलं.