शोरा फिलोमेनासाठी टांगलेली चादर

सतराशे वर्षांच्या राजवाड्यात जो राहतो, त्याच्या अंगी सम्राटाचं गांभीर्य आपोआप मुरतं, असं श्पिरो बाकोटिचचं ठाम मत होतं. हे मत तो बहुधा अर्ध्या चड्डीत, खिडकीत उभा राहून, तोंडात कपड्यांचे चार चिमटे धरून मांडत असे. त्यामुळे ते कोणाला नीट कळत नसे.

स्प्लिट शहरात त्या रोमन राजवाड्याच्या भिंतींतच वसलेल्या त्याच्या गल्लीत आज खुद्द सम्राट आला असता, तरी त्याला छत्री उंच धरलेल्या गाईडच्या मागे रांगेतच चालावं लागलं असतं. श्पिरोला त्याचं काही नव्हतं. जहाजांवर छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियनची नोकरी करून तो सहासष्टाव्या वर्षी घरी बसला होता, गल्ली त्याला काका म्हणावं तसं बार्बा म्हणत होती, आणि समोरच्या खिडकीतल्या फिलोमेनावर त्याचं मन जडलं होतं.

फिलोमेनाने, गल्लीच्या भाषेत शोरा म्हणजे बाई फिलोमेनाने, जन्मभर नाट्यगृहात राजाराण्यांचे पोशाख शिवले होते. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. दोघांच्या खिडक्यांमध्ये कप्पीवरची एकच दोरी होती. सोमवारी तिचे कपडे, गुरुवारी त्याचे. इतक्या वर्षांत दोघं फक्त दोन विषयांवर बोलले होते, वारा आणि सार्डिन मासळी. तिसरा विषय काढायची सोय नव्हती, कारण त्या गल्लीत कोणाला उचकी लागली तरी खालून बेपो न्हावी विचारायचा, "कोण आठवण काढतंय? नाव सांगा, मी कळवतो!"

म्हणून श्पिरोने तोंडाने बोलायचंच नाही, लिहून कळवायचं, असं ठरवलं. फिलोमेना चष्मा लावत नसे, तेव्हा अक्षरं वीतभर तरी हवीत. वीतभर अक्षरं चिठ्ठीत मावत नाहीत. त्याने दुहेरी पलंगाची चादर काढली आणि जहाजावरच्या उरलेल्या काळ्या रंगाने लिहिलं:

शोरा फिलोमेना, माझ्याशी लग्न कराल? – श्पिरो (समोरचा)

गुरुवारी सकाळी साडेसहाला त्याने चादर चिमट्यांनी दोरीला लावली आणि गल्लीच्या मधोमध सरकवली. पर्यटक नऊच्या आधी येत नाहीत. तोवर होकार घेऊन चादर आत, असा हिशेब.

सातला समोरची खिडकी उघडली. फिलोमेना कॉफीचा पेला घेऊन उभी.

"सुप्रभात, बार्बा श्पिरो."

"सुप्रभात, शोरा." त्याचा जीव कानापाशी येऊन थांबला होता.

तिने कॉफीवर फुंकर मारली. चादरीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"वाळेल," ती म्हणाली. "उत्तरेचा वारा सुटलाय."

"आणि... बाकी काही म्हणणं?"

"बाकी काय? या वयात कशाला एवढा खटाटोप करता, एवढंच." आणि ती तव्यावर काही करपेल म्हणून आत गेली.

श्पिरो खुर्चीत बसला. नकार त्याने गृहीत धरला होता, पण तो हवामानासकट येईल असं वाटलं नव्हतं. दोन तास तो तसाच भिंतीकडे बघत राहिला. भिंत रोमन होती, पण तिलाही काही सुचेना.

नऊला खालून एकदम हशा उसळला. मग टाळ्या. मग शिट्ट्या. श्पिरोने डोकावून पाहिलं. ल्येर्का नावाची गाईड पन्नासेक माणसांना थांबवून छत्रीने चादरीकडे बोट दाखवत होती आणि तीन भाषांत वाचून दाखवत होती. मागून दुसरी तुकडी आली, ती अडकली. तिसरी आली, तिने मोबाईल वर केले.

"ही इथली प्रथा आहे का?" एका जर्मन बाईने विचारलं.

"फार जुनी," ल्येर्काने न अडखळता सांगितलं.

"रोमन काळापासून!" बेपो दुकानातून वस्तऱ्यासकट बाहेर आला. "सम्राटाचं लग्न असंच जमलं!"

श्पिरोच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. त्याने दोरी ओढायला सुरुवात केली. चादर हातभर त्याच्याकडे सरकली, तोच समोरची खिडकी धाडकन उघडली.

"अहो बार्बा, ओली चादर आत घेताय? कुबट वास मारेल!" आणि फिलोमेनाने आपल्या बाजूने दोरी ओढली.

"सोडा हो शोरा!"

"सोडू कशाला! आणि खाली ही जत्रा कसली?"

तो ओढी, ती ओढी. चादर इकडे आली की अर्धी गल्ली "ओऽऽ" करी, तिकडे गेली की उरलेली अर्धी. 'लग्न' कधी न्हाव्याच्या डोक्यावर, कधी बेकरीच्या. कोणीतरी पैजा लावल्या. शेजारच्या गोल घुमटाखाली पर्यटकांसाठी गाणारे चार गवई, आपले सगळे श्रोते इकडे पळालेले पाहून, तेही इकडे आले आणि त्यांनी प्रेमाचं काहीतरी सुरू केलं.

"शोरा, खाली या आणि वाचा!" बेपो ओरडला.

"काय वाचू?"

"चादर!"

"चादरीवर काय वाचायचं असतं?"

बेपोने वर पाहिलं, दोन्ही खिडक्या पाहिल्या, आणि तो भिंतीला टेकून हसू लागला. "अरे देवा! बार्बा, दोरी या खिडकीतून त्या खिडकीत जाते. चादर तोंड करते गल्लीने येणाऱ्यांकडे! तिला तिथून नुसती कड दिसतेय, कड! आयुष्यभर जहाजांच्या तारा जोडल्यात, बोटी पोचल्या तरी कशा?"

श्पिरोने चादरीकडे पाहिलं. त्यालाही कडच दिसत होती. सकाळपासून कडच दिसत होती. अख्ख्या गल्लीत ते पत्र दोनच माणसांना वाचता येत नव्हतं, लिहिणाऱ्याला आणि जिला लिहिलं तिला. त्याने दोरी सोडून दिली.

फिलोमेना सपाता घालून, हातात पेला तसाच धरून, खाली आली. गर्दीने वाट केली. गवई गायचे थांबले. तिने डोळे बारीक करून पहिल्या अक्षरापासून कंसातल्या 'समोरचा'पर्यंत सगळं वाचलं. मग परत पहिल्यापासून.

"हे सकाळपासून इथे आहे?"

"साडेसहापासून," श्पिरो वरून म्हणाला.

"आणि मी म्हटलं, वाळेल."

"खटाटोपाचंही म्हणालात."

"अहो, ते धुण्याचं!" आणि फिलोमेना हसत सुटली, इतकी की पेला जर्मन बाईच्या हातात देऊन ती दगडी पायरीवर बसली. गल्ली तिच्याबरोबर हसली, का ते न कळलेलेही हसले. "बार्बा, चादरीची कड दुमडून शिवलेली नाही. शिवणारणीला असलं पाठवतात?"

"मग?"

"मग काय? हो! करते लग्न! आता घ्या आत, खाली उजेड येत नाही."

पुढचा अर्धा तास त्या गल्लीतून कोणी हललं नाही. गवई गात होते, बेपोने एका कोरियन म्हाताऱ्याची फुकट दाढी केली, तीन तुकड्या एकमेकींत मिसळून भलत्याच गाईडबरोबर देवळाकडे गेल्या, आणि जाता जाता सहा जणांनी विचारलं की उद्याचा खेळ किती वाजता आहे.

लग्न नोव्हेंबरात झालं, गर्दी ओसरल्यावर. फिलोमेना श्पिरोकडे राहायला आली. तिचं घर आता पर्यटकांना भाड्याने देतात. जुलै-ऑगस्टमध्ये चार रात्रींपेक्षा कमी मुक्काम घेत नाहीत.