पुढे ढकललेली तारीख

भाद्रपदातले ऊन वारणेच्या पाण्यावर पिवळे-कोवळे पसरले होते. काठाकाठाने तेरडा फुलला होता. गुलाबी तेरडा, जांभळा तेरडा, ओल्या दगडांच्या फटींतून उसळून आलेला तेरडा. उसाच्या फडांवरून वारा येई आणि त्या साऱ्या फुलांच्या माना एकाच दिशेला लववून जाई.

या दिवसांत गौर येते. पाणवठ्यावरून, तेरड्याच्या जुडीच्या रूपाने, सुनेच्या हातांतून घरात येते.

आणि याच दिवसांत हर्षदाची पाळी येणार होती.

सासूने मेडिकलमधून गोळ्यांचे पाकीट आणले आणि तिच्या ओंजळीत ठेवले. "तारीख ठावं हाय मला तुझी. गौर तूच आणायचीस. रोज एक गिळायची, इसरायचं न्हाई."

"व्हय आत्ती," हर्षदा म्हणाली.

तिच्या देहाच्या निःशब्द अंधारात तेव्हा एक दिवा जळत होता. अंडाशयातून बीज निघून गेले, की मागे उरलेल्या रिकाम्या कोषाचा पीतपिंड होतो, इवलासा, केशरपिवळा. प्रोजेस्टेरॉनची संथ धार तो गर्भाशयाकडे सोडत राहतो. तिथले रक्तमखमली अस्तर जपतो, येणाऱ्यासाठी अंथरूण घालून ठेवावे तसे. कोणी आले तर दिवा जळत राहतो. कोणी आले नाही, तर विझतो. आणि घातलेले अंथरूण देह आपणच आवरून घेतो.

लग्न झाल्यापासून दर महिन्याला ते अंथरूण आवरले गेले होते.

गोळीतही तशीच धार होती, बाहेरून आणलेली. आतला दिवा विझो वा न विझो, अंथरूण जागचे हलणार नव्हते. तारीख आली. तारीख गेली. हर्षदा कोरडीच राहिली.

छाती जड झाली. दुपारी डोळ्यांवर झापड येऊ लागली. हे गोळीचे आहे, शास्त्र शिकलेल्या हर्षदाला ठाऊक होते. पण ठाऊक असणे एका तीरावर, हवे असणे दुसऱ्या तीरावर. आणि मधले पाणी रोज वाढत होते. चाचणीच्या पट्टीवर पुन्हा एकटी रेघ पाहण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. न आलेल्या रक्ताकडे ती कान लावून बसे. ये म्हणत नसे. येऊ नको म्हणायलाही धजत नसे.

शेजारची शालनवैनी करंज्या लाटायला आली आणि तिच्याकडे बघतच राहिली. "काय गं, तोंडावर तेज आलंय नुसतं! गोड बातमी हाय जणू. सांग की, न्हाईतर करंजीत मीठ घालीन बघ!"

हर्षदा हसली. नाही म्हणाली नाही.

आत्तींनी ते हसू पाहिले. गोळ्या आपणच आणल्या होत्या, हे त्या जणू विसरून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी तिला पाण्याची घागर उचलू दिली नाही.

तिथेच हर्षदाला भय वाटले. एकटीची आस सोसता येते. दुसरीच्या डोळ्यांत तीच आस उगवलेली सोसवत नाही.

गौर घरात आली त्या दिवशी तिने गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पूजेच्या धुपात, पुरणाच्या वासात, बायकांच्या फुगड्यांत ती आपल्याच आत पाऊल न वाजवता हिंडत होती, कोणी आहे का बघत.

निरोपाच्या दिवशी, नदीत घोटाभर पाण्यात उभी असताना, तिला ती ओळखीची उष्ण ओल जाणवली. हळवी, निःसंशय.

"आत्ती," ती पुटपुटली, "मला आली."

"आन् गोळ्या?"

"सोडल्या मी. हाय का न्हाई, मला कळायला पायजे होतं."

आत्तींचा हात तेरड्याची जुडी काढून घ्यायला पुढे आला. अर्ध्यावर थांबला. मग तो तिच्या पाठीवर टेकला.

"वाहत्या पाण्याला कसला आलाय इटाळ," त्या ओल्या आवाजात म्हणाल्या. "सोड, तुझ्याच हातानं सोड."

हर्षदाने गौर सोडली. दोघी खांद्याला खांदा लावून काठ चढू लागल्या.

देहाला दुःख कळत नाही. धार आटली होती, अंथरूण ओघळत होते. आणि मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून, एक हाक रक्तात उतरत होती. खोल, खूप खोल, झोपलेल्या असंख्य बीजकोषांत ती हाक फिरत होती, दारोदार, हलक्या पावलांनी. आणि त्यांतला एक, कणाएवढा, काळोखात कूस बदलून, हळूहळू, जागा होत होता.