कॅमेऱ्याची कानटोपी

मी एका जुन्या कॅमेऱ्याचा कान बोलतोय. भिंगाखाली बारीक जाळीची खिडकी असते ना, तेवढाच मी. भिंगाचे लाड फार. त्याला मऊ फडक्याने पुसतात, हळूच फुंकर घालतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. लोक डोळ्यासमोर जपून वागतात, कानाजवळ मात्र बिनधास्त बोलतात.

जन्म जपानचा, पण मला वाढवलं बंगालमधल्या चंदननगरच्या कुंडूंनी. शीतांशूबाबूंच्या मेव्हण्याने मला सिंगापूरहून आणलं ते भाचीच्या उष्टावणासाठी. भाचीचं नाव तितिर, शीतांशूबाबूंची लेक. महिना माघाचा होता, आणि गंगेवरून धुकं थेट गच्चीवर चढत होतं.

आमच्या गावात दुर्गापूजा आटोपली की माणसं मफलर काढतात आणि होळीपर्यंत सोडत नाहीत. त्यातही टुलुपिशी म्हणजे कळस. पिशी म्हणजे आत्या, शीतांशूबाबूंची थोरली बहीण. तिच्या घरात काहीही उघडं राहत नाही. टीव्हीला झालर, बाजाच्या पेटीला खोळ, फोनला चादर. मला बघून तिने कपाळाला हात लावला.

"हा असाच उघडा गच्चीवर हिंडणार? थंडी बाधेल."

"दिदी, कॅमेऱ्याला सर्दी होत नाही," शीतांशूबाबू म्हणाले.

"जपानचा आहे तो. आपलं धुकं त्याला काय माहीत? तू गप्प बस."

दुपारभर सुया चालवून तिने मला कानटोपी विणली. मरून लोकर, आतून कापसाचं अस्तर, वर गोंडा. भिंगापुरतं भोक ठेवलं आणि मला गच्च झाकून टाकलं. मी गुदमरलो खरा, पण जगात कुठल्याही कॅमेऱ्याला कुणी गोंडा लावला नसेल, म्हणून मनातल्या मनात थोडा मिरवलोही.

उष्टावणात पहिला घास मामाने भरवायचा. बाळाला मांडीवर घेऊन पिशी बसली होती. मोकळे हात तेवढे आईचे, म्हणून मला धरलं रेबाने. रेबा म्हणजे घरातली सून. मोठ्यांसमोर मान खाली, विचारलं तर हो किंवा नाही.

नंतर सगळ्यांनी टेप लावून पाहिली. चित्र झकास, आवाज मात्र नुसता घूं घूं. "बहिरा निघाला मेला," असा निकाल लागला. टोपीवर कुणाचा संशयही गेला नाही. पुढल्याच वर्षी रेबा तापाने गेली. तितिर तेव्हा नुकती पावलं टाकत होती. शीतांशूबाबूंनी मला टोपीसकट काचेच्या कपाटात ठेवलं, ते पुन्हा बाहेर काढवेना.

कपाटातून मी तितिरला वाढताना पाहिलं. पाहिलं कसलं, ऐकलं. पोरीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मासळीवाल्याशी वाद, मास्तरांशी वाद, पाहुण्यांच्या तोंडावर त्यांच्या नकला. पिशीने तिला आईच्या मायेने सांभाळलं, पण एक पालुपद सोडलं नाही.

"कुणावर गेलीय ही? रेबाच्या तोंडून कधी शब्द ऐकला नाही आम्ही."

"मीही नाही ऐकला, पिशी," तितिर एकदा म्हणाली.

तितिरचं लग्न ठरलं तसा त्या पालुपदाला ऊत आला. "सासरी तरी आईसारखी वाग." शेवटी तिने कपाट उघडलं, माझ्या पोटातली टेप काढली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज हवाय. एक शब्द सापडला तरी चालेल."

गल्लीत भोंबोलदा राहतो. लग्नांची चित्रीकरणं करतो, आणि पंगत चुकवत नाही. टेप त्याने आपल्या कॉम्प्युटरात उतरवून घेतली आणि रविवारी, मटणभात उरकल्यावर, सगळं सामान घेऊन बैठकीत ठाण मांडलं. मलाही टेबलावर बसवलं, मानाने, टोपी घालून.

पहिल्यांदा त्याने सरळ सगळाच आवाज चढवला. आधी तेलात मासे सोडल्यासारखी चरचर आली, आणि मग उष्टावणातला शंख असा फुंकला गेला की पिशीचा चहा तिच्याच मांडीवर.

"अरे मेल्या, कान फुटले माझे!"

"आवाज वाढवला की कचराही वाढतो, पिशी. आधी कचरा काढायला हवा," भोंबोलदा शांतपणे म्हणाला. त्याने कुणीच बोलत नाही असा एक तुकडा शोधला आणि कॉम्प्युटरला दाखवला, की ही नुसती चरचर, ही सगळीकडून वजा कर. मग शंख आणि बायका जीभ हलवून करतात तो उलूउलूचा मंगलघोष खाली दाबला. उरलं ते हळूहळू वर उचललं, आणि लोकरीने गिळलेली अक्षरं जरा धारदार केली.

आणि रेबा बोलली. माझ्या अगदी जवळून, कुजबुजत, हसू दाबत.

"तितिर, तुझे आजोबा डोळे मिटून आशीर्वाद देतायत असं वाटतंय ना? झोपलेत ते. आणि हा तुझा मामा. घास तुला भरवतोय की स्वतःला, देव जाणे."

तितिर खुर्चीच्या कडेवर आली. शीतांशूबाबूंनी चष्मा काढला.

"दिदी खिरीत साखर घालायला विसरल्यात. बोलायची कुणाची छाती नाही. सगळे वाहवा करतायत. भटजींनी पुन्हा मागून घेतली, बहुतेक मधुमेह असावा."

पिशीने आ वासला. भोंबोलदाने तोंडात उशीचा कोपरा धरला.

पुढे बाळासमोर ताट आलं. त्यात माती, पुस्तक, लेखणी, सोनं ठेवतात, बाळ जे उचलेल ते त्याचं भाग्य. तितिरने लेखणी उचलली, ही कुंडूंच्या घरातली मोठी अभिमानाची गोष्ट. टेपमध्ये मात्र नेमक्या त्या क्षणी पंखा दिसतो. रेबाला कॅमेरा धरता येत नव्हता, असं इतकी वर्षं सगळे म्हणत आले.

"अगं, माती खातेस काय! थांब, कॅमेरा वर फिरवते. हं, तुझ्या बाबांनी लेखणी हातात कोंबली. कुणाला सांगायचं नाही."

"बाबा?" तितिर म्हणाली.

शीतांशूबाबू हसत होते आणि डोळे पुसत होते. "मलाही असंच कानात सांगायची," ते म्हणाले. "तू आठवण काढशील, रडशील, म्हणून कधी बोललो नाही."

शेवटी थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग रेबा पुन्हा बोलली, पण आता आवाजात हसू नव्हतं.

"मोठी झालीस की बोल हं, तितिर. मी इथे गप्प राहून जे साठवलंय, ते सगळं तू बोलून टाक. कुणाला भिऊ नकोस. चूप, दिदी आल्या."

टेप संपली. तितिर रडली, आणि तेही मोठ्याने.

पिशी माझ्याकडे बघत होती. माझी टोपी तिने हळूच काढली. "ह्या टोपीनेच तिचा आवाज गिळला," ती म्हणाली. "मीच विणली."

"टोपी होती म्हणूनच ती बोलली, पिशी," तितिर नाक पुसत म्हणाली. "तिला वाटलं, ह्याला काही ऐकू येत नाही. टोपी नसती, तर ती इथेही गप्पच राहिली असती."

पिशीने टोपी बराच वेळ हातात फिरवली. मग विचारलं, "शीतू, खरं सांग. साखर नव्हती?"

"नव्हती, दिदी."

लग्नाच्या आदल्या दिवशी पिशीने पुन्हा खीर केली. साखर इतकी घातली की चमचा उभा राहावा. तितिरने पहिला घास घेतला आणि तोंडावर सांगितलं, "पिशी, फार गोड झालीय." पिशी म्हणाली, "अगदी आईवर गेलीयस." हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

मी आता परत कपाटात आहे. मोटर कधीच बंद पडली, टेपही तितिर घेऊन गेली. पिशीने टोपी पुन्हा घातली, कारण दव पडायला लागलंय. तुम्हाला एवढंच सांगणं, की घरच्या समारंभात मला झाकू नका. पण एखादी सून मान खाली घालून मला हातात धरून उभी असेल, तर टोपी खुशाल राहू द्या. मी बहिऱ्याचं सोंग घेईन.