बोट दाखवलेला तारा

गोळा एकाच बाजूने जळाला होता. त्या बाजूचे काळे धागे करपून एकमेकांना चिकटले होते. दुसऱ्या बाजूची वीण अजून नीट दिसत होती. अल्काने वाकून पाहिले आणि पदर सावरला.

दिवाळीच्या सुटीत ती आपल्या गावी, दवनीवाड्याला आली, त्याच संध्याकाळी गावावरून पेटती रेघ गेली होती. सकाळी उदारामच्या धानात हा गोळा सापडला. सरकारी माणसे तपासून गेली, धोका नाही म्हणाली. तरी कापणीच्या बाया बांधावरूनच परतल्या. ज्याच्या वावरात आभाळातून विस्तव पडला, तिथे विळा कोण घालणार? लोंब्या झडायला लागल्या. शेवटी बायांनी कळवले, भिण्यासारखे काही नाही असे अल्का सांगेल तर येऊ. ती गोंदियाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती.

सांगण्यासारखे तिच्याजवळ खूप होते. हा गोळा म्हणजे रॉकेटची, धाग्यांनी गुंडाळलेली टाकी. आभाळाला वर कुठे छप्पर नाही. हवा फक्त विरळ होत जाते. अंतराळात फिरणाऱ्या रॉकेटच्या टाकीलाही तिथली उरलीसुरली हवा घासत राहते, तिचा वेग खाते. वेळ लागतो, पण टाकी खाली येतेच, आणि दाट हवेत शिरली की पेटते. यातला एक शब्दही अल्काने काढला नव्हता. उदाराम रोज घरी येऊन बसायचा, आणि ती त्याला चहा देऊन गप्प राहायची. ते गप्प राहणे तिला गोड लागत होते.

ती लहान असताना आईने, लीलाबाईने, तिला तुटता तारा बोट करून दाखवला होता. त्याच आठवड्यात उदारामचा बैल मेला. हिनेच बोट दाखवून इडापिडा आणली, असे त्याने गावभर केले. पुढे लीलाबाईला गावात कोणी धानाच्या रोवणीला बोलावले नाही. चिखलाने माखलेले पाय घेऊन ती परगावच्या कामावरून अंधारात परतायची.

आज सगळ्या बाया बांधावर जमल्या होत्या. उदाराम दुपट्टा हातात पिळत उभा होता.

"काऊन बोलून नाई राहिली वो पोरी? सांगून दे ना, का हे नुसतं लोखंड होय."

लीलाबाईने दोन्ही हात पदरात लपवले. "या टायमाले मी बोट नाई दाखवलं, बापा."

बाया खुदकन हसल्या. उदारामने मान खाली घातली. लीलाबाई लेकीकडे वळून हळूच म्हणाली, धान झडून राहिला, सांगून दे आता.

अल्काने आईचे लपवलेले हात पाहिले. इतकी वर्षे तोंडाशी येऊन परत गेलेले वाक्य तिने शांतपणे बाहेर काढले.

"सांगीन, काका. पण पहिले तुम्ही सांगा. या बायांसमोर, याच बांधावर, का माझ्या मायच्या बोटानं तुमचा बैल नाई मेला. तुमच्या तोंडून ते निघेपर्यंत धान झडू द्या."