चिमूटभर काळी पूड

प्रयोगशाळेतल्या भट्टीतून भांडं बाहेर काढताक्षणी ताईला कळलं, ही खेपही पाण्यात गेली. चांगला कार्बन निघतो तो हलका, फुंकर मारली तरी उडेल असा. हा खड्यासारखा घट्ट. म्हणजे आत भोकंच नाहीत. आणि भोकं नाहीत तर प्लॅटिनमचे कण बसणार कुठे?

कार्बनासाठी साखर तीच, नायट्रोजनसाठी युरिया तोच, आचही तीच. उन्हाळ्यात एकदाच जमलं होतं. कार्बनात नायट्रोजन असा मुरला होता, की प्लॅटिनमचे कण जागचे हलायला तयार नव्हते. पुढे बिनसलं ते बिनसलंच. त्या खेपेतली चिमूटभर पूड बाटलीच्या तळाशी उरली होती. महिनाअखेर पुन्हा जमलं नाही, तर ताईचं काम बंद करून भट्टी दुसऱ्यांना द्यायचं ठरलं होतं.

"ती चिमूट जाळून बघ," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "नायट्रोजन किती मुरलाय ते तरी कळेल."

"जाळल्यावर उरणार काय, सर?"

"आकडा उरेल."

पूड शाबूत ठेवून नायट्रोजन कसा बसलाय ते दाखवणारं मशीन खालच्या मजल्यावर होतं, पण बंद. ते सांभाळणारे मामा रोज म्हणायचे, "दुरुस्तीवाला येतोय गं. माझ्या लग्नापासून येतोय."

घरी वडिलांनी दार उघडतानाच विचारलं, "काय ताई, झाला का कोळसा?"

ती चपला न काढताच बसली. "बाबा, एकच चांगली वस्तू उरलीय. ती कशी झाली हे कळायला तीच जाळायची का?"

"न जाळता नाही कळत?"

"कळतं. पण थांबायला वेळ नाही."

वडिलांनी ताट वाढलं.

तिने पूड जाळली. आकडा आला तो वाया गेलेल्या खेपांइतकाच. नायट्रोजन तेवढाच होता. बसला होता मात्र वेगळ्या तऱ्हेने. कसा, ते त्या पुडीलाच ठाऊक.

भट्टीवर दुसऱ्यांची चिठ्ठी लागली त्याच दिवशी मामा धापा टाकत वर आले. "चालू झालं मशीन. आण तुझी पूड, पहिला नंबर तुझा."

ताईने बाटली त्यांच्या हातात दिली. मामांनी ती उजेडात धरली, तळहातावर उपडी करून आपटली, पुन्हा आपटली. काचेला नुसती काळपट झाक होती.

"खरवडून बघू का?"

"काच येईल हातात, मामा," ती म्हणाली, आणि भट्टीजवळचं आपलं सामान आवरायला लागली.