काएतानच्या उवा

जर्मनांनी व्यापलेल्या ल्वूव शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत, उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाची लस बनायची. तिच्यासाठी लागणाऱ्या उवा माणसांच्या रक्तावर वाढवाव्या लागत. जाळी लावलेले चपटे लाकडी डबे पायाला पट्ट्याने बांधायचे आणि पंचेचाळीस मिनिटं उवांना पाजायचं. पुरुष पोटरीवर बांधत, बायका मांडीवर, म्हणजे चट्टे स्कर्टखाली झाकले जात. डबे बांधणं आणि पाजणाऱ्यांचे पाय तपासणं हे माझं काम.

काएतान वेंझिक बावीस वर्षांचा होता. कवी. इतरांसारखा तोही प्रयोगशाळेच्या ओळखपत्रासाठीच येई. त्यावर उवांचा उल्लेख दिसला की जर्मन शिपाई दोन पावलं मागे सरत, झडती घेत नसत. त्याच्या कोटाच्या अस्तरात भूमिगत पत्रकं असत. त्याने कधी सांगितलं नाही, पण कोट खुंटीला टांगताना मला वजन कळायचं.

कविता तो कागदावर ठेवत नसे. डबे बांधले की हळूच म्हणून दाखवायचा आणि मी पाठ करायची.

फेब्रुवारीत त्याच्या पोटरीवर पुरळ उठलं. पुरळ उठलं की पाजणं बंद आणि ओळखपत्र परत, असा नियम होता.

"कागदावर लिहिणार?" त्याने विचारलं.

"लिहावं लागेल."

"अहो डॉक्टरीणबाई, खाजसुद्धा नाही."

"मग हातांवर बसलात कशाला?"

तो हसला. मग म्हणाला, "तीन आठवडे द्या. या भागात पत्रकं पोचवणारा मी एकटाच उरलोय. ओळखपत्र गेलं, तर पहिल्याच चौकात सापडेन."

मी कागदावर 'त्वचा ठीक' असं लिहिलं. निरीक्षणात खोटं लिहिण्याची ती माझी पहिलीच वेळ. मग पडद्याआड जाऊन त्याचे सातही डबे स्वतःच्या मांडीवर बांधले. कुणी डोकावलं तर दिसावेत म्हणून तो शेजारी रिकामे पट्टे बांधून बसला.

एकाच माणसाच्या रक्तावर वाढलेल्या उवांना दुसऱ्याचं लगेच रुचत नाही. दोन दिवस त्या नीट प्यायल्या नाहीत, काही मेल्या. आणखी मेल्या असत्या तर वरून विचारणा झाली असती.

"तुमचं रक्त फार शिस्तीचं आहे," काएतान म्हणाला. "माझ्या पोरी लाडावलेल्या."

तिसऱ्या दिवशी त्या सरावल्या.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो उशिरा आला. ओठ पांढरे पडले होते.

"रेल्वेपुलाखाली एका शिपायाने अडवलं. कोटाची दोन बटणं काढून झाली होती. मी ओळखपत्र पुढे केलं, तर त्याने हात असा झटकला! नंतर बराच वेळ हातमोजे बर्फात घासत होता बिचारा."

तो हसत होता. मी कॉफीचा कप त्याच्या ओठांशी धरला.

दोन घोट घेऊन तो म्हणाला, "एक कविता झालीय. तुमच्यावर."

त्याने ती म्हटली. मी डोळे मिटून ऐकली.

"छान आहे," मी म्हणाले. "पण उवेला आठ पाय नसतात, सहा असतात."

"सहा म्हटलं की ओळ लंगडते."

"तरी चूक ती चूकच."

"बरं. सोमवारी दुरुस्त करून आणतो."

सोमवारी त्याची पोटरी पाहिली. पुरळ गेलं होतं. कागदावर 'त्वचा ठीक' लिहिलं, या वेळी खरं. त्याचे डबे त्याला परत बांधायला घेतले.

"केली दुरुस्त?"

"नाही. तुम्ही तीन आठवडे खोटं लिहिलंत. मला दोन पाय माफ करा की."

मी पट्टा नेहमीपेक्षा एक भोक सैल बांधला. कातडी अजून नाजूक होती.