कोमट बाटली

सकाळी साडेसहाला तीन वर्षांच्या लेकीला, महेश्वरीला, नुसत्या पाण्यानं धुऊन, पहिली धार सोडून देऊन, मधली लघवी दानेश्वरीनं बाटलीत धरली होती. लॅब साडेनऊला उघडायची. तोवर बाटली फ्रिजमध्येच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आंघोळ उरकून ती आली, तर बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत, एप्रिलच्या उन्हात. हात लावला तर कोमट.

"आई, ही इथं कुणी ठेवली?"

सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, भाकरीवरची नजर काढली नाही. "मी. लिंगपूजेचं दूध असतंय फ्रिजात. त्याला मुताची बाटली खेटून ठेवतीस, लाज न्हाय वाटत?"

"दोन पिशव्यांत बांधलीय."

"चार पिशव्यांत बांध की. मूत ते मूतच."

"मागच्या दोन वेळाही काढली होती?"

"मग? तू निघायच्या आत परत ठेवत हुते की. तुज्या डॉक्टरला काय कळतंय!"

पाच महिन्यांतला हा तिसरा ताप. सर्दी नाही, खोकला नाही. दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये सरमिसळ जंतू, म्हणजे नमुनाच खराब, निदान शून्य. दोन्ही वेळा डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "स्वच्छता पाळता ना?" आणि मायक्रोबायॉलॉजी शिकलेली दानेश्वरी घरी येऊन स्वतःचेच हात घासत बसली होती. उबेत जंतू वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतात, हे तिला पाठ होतं. सासूवर नजर ठेवायची, हे मात्र सुचलं नव्हतं.

तिनं बाटली मोरीत ओतली.

"पोर फणफणलीय," पार्वतम्मा कडाडल्या. "औषध आणून ठिवलंय ते पाज आधी. बाटली-बाटली काय खेळतीस?"

"ते अँटिबायोटिक आहे. आधी पोटात गेलं तर जंतू सापडत नाही."

"लेकरापरीस जंतू मोठा झाला व्हय गं! येऊ दे माझ्या शरणबसवला, सांगते त्याला, बायकू काय करतीय ते."

"सांगा. फ्रिजचंही सांगा."

दानेश्वरीनं औषधाची बाटली पर्समध्ये टाकली, लेकीला ओढणीनं पोटाशी बांधलं आणि स्कूटर काढली. लॅबच्या बाकावर महेश्वरी घोट-घोट पाणी प्यायली, पण लघवीला बसेना. "आग होते," म्हणत पाय आवळून रडायची. अंग आणखी तापलं. दानेश्वरीचा हात दोनदा पर्सकडं गेला आणि दोनदा तिनं तो मागं घेतला. दीड तासानं पोरीनं किंचाळत धार सोडली. नमुना आतल्या माणसाच्या हातात पडला, त्यानं वेळ लिहिली, तेव्हाच तिनं औषधाचा पहिला चमचा पाजला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एकच जंतू, एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या वर. कुठलं औषध लागू पडेल तेही स्पष्ट. डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी करवली. पार्वतम्मा हट्टानं बरोबर आल्या होत्या.

"डावं मूत्रपिंड सुजलंय," डॉक्टर म्हणाले. "लघवी उलटी वर चढत असावी, आणखी तपासण्या लागतील. पहिल्या तापातच कळलं असतं तर बरं झालं असतं."

बाहेर आल्यावर पार्वतम्मा म्हणाल्या, "मला काय ठाव हुतं?"

"विचारलंत कुठं?"

त्यांनी दोन्ही हात पसरले. "ये गं माझ्या बाळा, आजीकडं ये."

महेश्वरी हसून झेपावली. दानेश्वरीनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सासूला पाठ करून पुढच्या तपासणीची तारीख विचारायला ती नोंदणीच्या खिडकीपाशी गेली.